दिवाळ्याची गाठ

बेलापूरच्या शाळेचा हॉल, मे महिना,
चार पंख्यांपैकी दीड चालू.
मॅक्रमेच्या बाई म्हणाल्या, डावा दोरा उजव्यावरून,
आणि माझं कासव
दुपारपर्यंत पायपुसणं झालं.

शेजारची हसली नाही.
हर्षाली, दिवाळे गावातली, नखांत निळा रंग.
माझा दोरा पायाच्या अंगठ्यात अडकवून म्हणाली,
"माझे बाबाचे जाल्याची गाठ हाय.
मासा सुटत नाय, तुझा कासव काय सुटंल?"

बाई तीनदा सोडवायला गेल्या ती गाठ,
मग शिकायलाच बसल्या.

तिच्या डब्यात सुकट, माझ्यात साबुदाण्याचे वडे.
पहिल्या दिवशी पाठमोऱ्या बसून जेवलो,
नंतर डबा कुणाचा तेच आठवेना.

शेवटच्या दिवशी एकमेकींच्या मनगटावर पट्टे.
मी बांधलेला
बसस्टॉपपर्यंतच टिकला;
तिनं तो उचलून खिशात ठेवला, मी पाहिलं.

जूनमध्ये वर्गशिक्षिका म्हणाल्या, हातात काही नको.
आईनं कात्री आणली.
मी म्हटलं, थांब, सुटते का बघते.

अजून बघतेय.
पूर्ण बाह्यांचा गणवेश मागून घेतलाय मी,
या उकाड्यात.