तीन नंबरची जाळी

ओर्ता तळ्याच्या या काठाला घरटी एक माणूस नळावर जगतो.
पितळेचा कीस बुटांच्या तळव्यांना चिकटून थेट चर्चपर्यंत जातो,
पाद्री सोमवारी झाडून काढतो, उन्हात सोन्यासारखा दिसतो म्हणे.
माझा बाप एल्विओ एकतीस वर्षं पॉलिशच्या चाकापाशी उभा राहिला
आणि चाकाने त्याचे दोन्ही कान
हळूहळू घासून गुळगुळीत करून टाकले.
आता मी, त्याची मुलगी, त्याच कारखान्यात
पाणी कसं वाजावं ते ठरवते.
यावर गावात विनोद आहेत. सगळे मला पाठ आहेत.

माझी खोली रबरावर उभी आहे, कुठल्याच भिंतीला न टेकता.
आत एक बेसिन, एक माइक,
आणि इतकी शांतता की स्वतःचा आवंढा ऐकू येतो.
इथेच कळलं,
थेंब पडतो तेव्हा वाजतो तो थेंब नव्हे.
त्याने पाडलेल्या खळग्याखाली
हवेचा एक बुडबुडा अडकतो, मोहरीएवढा,
तो थरथरतो
आणि आपण म्हणतो, टप.
बेसिनच्या पाण्यात भांड्यांचा साबण कालवा, मुका होतो.

झडप अर्धवट उघडली तर पाणी दातांतून शीळ घालतं,
झटक्यात मिटली तर पाइप भिंतीच्या पोटात ढुशी मारतो.
शॉवरची भोकं सगळी एकसारखी पाडली
तर डोक्यावर कुणी मासे तळतंय असं वाटतं;
बाहेरची रांग जरा तिरकी केली, मधली नऊ बुजवली,
तेव्हा कुठे ते तळणं थांबलं.
दीड वर्ष मी एकेक आवाज खुडत गेले.
शेवटी असा नळ झाला की पाणी
बोटाला लागेपर्यंत आलंय हे कळूच नये.
गाउदेन्झिओसाहेबांनी स्वतः कॉफी पाजली.

नमुना पेल्लाच्या नेरीनाबाईंकडे लावला होता.
पंधराव्या दिवशी त्या टॉवेलात गुंडाळून घेऊन आल्या,
मेलेला पक्षी आणावा तसा.
"देखणा आहे गं. परत घे.
बेचाळीस वर्षं पहाटे पाचला मी पडल्यापडल्या ऐकते:
तोंडावर तीन ओंजळी,
मग वस्तरा कडेला आपटतो, दोनदा,
मग नळ तसाच सोडून आरशात बघत बसतो, उधळ्या.
आता दार बंद, आणि आत काहीच नाही.
मी अनवाणी उठून दाराला कान लावते.
परवा ठोठावलं, तर खेकसला.
मागच्या हिवाळ्यात दवाखान्यात होता, तुला माहीत आहे ना?"

तक्रारीच्या रकान्यात मी लिहिलं: आवाज नाही.
ऑफिसात हसले. हसू दे.

मग तीन जाळ्या कापल्या, तीन विणींच्या.
रविवारी बापाला त्या खोलीत नेलं.
त्याने टोपी काढली, का कोण जाणे,
आणि नळाच्या गळ्यावर दोन बोटं टेकवली,
वैद्याने नाडी धरावी तशी.
माझ्या माइकला जे आकडे दिसतात
ते पाणी तो बोटांनी जोखत होता.
पहिलीला म्हणाला, "ही भांडते."
दुसरीला, "ही झोपली."
तिसरीवर बोटं राहिलीच.
मी खुणेने विचारलं, काय?
"घरात माणूस आहे," म्हणाला
आणि नेहमीसारखा, म्हणजे ओरडून, म्हणाला,
कारण आपला आवाज केवढा ते त्याला कळत नाही.
माइकची सुई पार टोकाला गेली.
ती नोंद मी खोडली नाही.

नेरीनाबाईंचा अजून फोन नाही.
आमच्या धंद्यात याचा अर्थ चांगला धरतात.

घरी स्वयंपाकघरातला जुना नळ गळतो.
वायसर फेब्रुवारीपासून खणात पडून आहे.
रात्री मी तोटीला दोरा बांधते,
थेंब दोऱ्यावरून निमूट उतरतो,
पलीकडे बाप झोपलेला, त्याला तसंही काही नाही.
काल बांधला नाही.