रकाना सतरावा

भूकंप: नगण्य. इथला खडक म्हातारा,
दोनशे कोटी वर्षांचा, आता कुठे हलणार.
वीज: तारा बसवल्या आहेत.
विमान कोसळणं: दशांशचिन्हामागे सात शून्यं, मग एकटा एक.
वादळ, बर्फ, वणवा, पलीकडच्या बंदरातलं गॅसचं जहाज,
प्रत्येकाला मी रकाना दिला,
भाडेकरूंना चाव्या द्याव्यात तसा.

लगद्याच्या कारखान्याचा स्टेलान कॉफी ओततो.
"भिंत साडेतीन मीटर. समुद्र एवढा चढत नाही."
खरंय. बाल्टिक भरतीलाही
उंबऱ्याशी घुटमळणाऱ्या पाहुण्यासारखा.

धक्क्यावर गुनवोर जाळं धूत होती.
वय ऐंशीच्या पुढे, हातमोजे दोन वेगळ्या जोड्यांतले.
रीत म्हणून विचारलं:
इथे वाईट काय घडू शकतं?
तिने आधी जाळं पिळलं.
"माझ्या लग्नाच्या वर्षी जाळं वर येईना.
चौघांनी ओढलं. हेरिंग एकही नाही.
नुसते जेलीफिश, चकतीवर चकती,
पाण्यात पाणी म्हणून उरलं नव्हतं.
आम्ही दोर कापला, घरी गेलो.
तुम्ही काय कापाल?"

मी वळून पाहिलं.
समुद्र आत ओढणारा नळ, माणूस उभा मावेल एवढा,
गाळणीला शेवाळाची कोवळी दाढी.
त्यामागे क्लोरीन डायऑक्साइडच्या टाक्या,
पांढऱ्या, गप्प,
ज्यांना सतत थंडावा लागतो. नाही मिळाला तर
(ते 'तर' माझ्या अहवालात तीन पानं आहे).
पण माझ्या सगळ्या कारणांना आवाज होता:
गडगडाट, तडा, भडका.
हाड नाही, मेंदू नाही,
कुणाशी वैर नाही,
प्रवाह नेईल तिकडे जाणाऱ्या जिवाला
यादीत जागाच नव्हती.

रात्री हॉटेलात रकाना वाढवला.
'संभाव्यता'पाशी कर्सर लुकलुकत राहिला.
एका बाईचं एक लग्न.
साठ वर्षांत एकदा?
की त्यानंतर ती दर उन्हाळ्यात
पाण्याकडे बघून मगच जाळं टाकायची, म्हणून एकदा?
दोन वाजता मी 'अज्ञात' लिहिलं.
खोडलं. पुन्हा लिहिलं.

सकाळी स्टेलान वाचून हसला,
मग हसू अर्ध्यावर ठेवून खिडकीशी गेला.
समुद्र सपाट.
"गाळणी कोण साफ करतं?"
"टूर्ड. मंगळवारी."

आज बुधवार होता.