पाचशेसाठ खूर

अकरा वर्षं मी आगगाडीच्या रुळावर नाल घडवले.
बंद पडलेल्या फाट्याचा हातभर तुकडा,
सिप्रियानोमामानं दोन दिवस करवतून आणलेला,
ओंडक्याला खिळ्यांनी जखडलेला.
शिंग नव्हतं त्याला. गोलाई द्यायची तर
एका मेलेल्या ट्रकचा आस होता.
घाव बसला की रूळ असा किंचाळायचा
की पातागोनियाच्या वाऱ्यातही
लांबच्या मेंढ्या माना वर करायच्या.

ऐरण घ्यावी का, हा प्रश्न कधी ऐरणीवर आलाच नाही.
ऐरणच नव्हती ना.

यंदा त्रेवेलिनच्या प्रिचर्डबाईंनी
नवऱ्यामागं त्याची ऐरण विकायला काढली.
मी खिशातली पोलादी गोळी तिच्या माथ्यावर सोडली,
ती उसळून जवळजवळ माझ्या बोटांना लागली.
बाई म्हणाल्या, ‘तोही असंच बघायचा.
पण मग घासाघीस करायचा.’
मी केली नाही.
एकशेचाळीस घोडे, म्हणजे पाचशेसाठ खूर,
माझ्या कमरेच्या हिशेबानं एवढी तिची किंमत.

खडीच्या रस्त्यावर दोनदा गाडी थांबवून
मागं जाऊन बघितलं.
अठ्ठ्याहत्तर किलो, जाणार कुठं?

लेंगाचा बुंधा दोन बोटं कापून कमी केला,
मूठ खाली सोडली की
बोटांची पेरं तिच्या माथ्याला टेकतील इतका.
मग सेनिसा आणली, राखी घोडी, उतावळी.
नाल लाल झाला. पहिला घाव.
हातोडा आपल्या आपण वर आला,
जणू कुणी खालून हात दिला.

आणि नाल वाकडा.
दुसराही. तिसराही, तसाच, डावीकडं.
भात्याजवळ बसून माते पिताना कळलं:
रूळ उजवीकडं कललेला होता
आणि माझं मनगट अकरा वर्षं
मुकाट्यानं त्याची चूक भरून काढत होतं.
आता चूक गेली होती,
भरपाई तेवढी उरली होती.

सेनिसानं माझ्या पाठीवर नाक घासलं,
मग टोपी चावली.
अंधार पडता पडता एक नाल सरळ निघाला.
म्हणजे, कानस लावल्यावर.

रूळ आता दाराशी असतो,
वाऱ्यात दार धरून ठेवायला.
आत-बाहेर करताना मी त्याला ओलांडते,
उजवा पाय जरा जास्तच उचलून.