कुलूप ओढून बघणं

अंबडच्या शेडमध्ये रात्री पावणेदोन.
पंप तपासायचं नवं कार्ड
दर दीडदोन तासांनी गप्प होतं,
आणि मी, हर्षला पाळदे, त्याच्या ड्रायव्हरची धनीण,
लॉग चाळत बसलेय. थर्मासमधला चहा कोमट.

जुनं कार्ड तारेवर बोलायचं.
एका तारेवर चौघे. तार खेचली गेली की
कर्नलने दारोदार विचारायचं: तू का? मग तू?
नाशिकरोडला प्रेसचा भोंगा व्हायचा, तसं.
अख्ख्या जेलरोडला एकच आवाज,
ज्याची पाळी त्याने उठायचं,
बाकीच्यांनी कूस बदलायची.
पण तार चिवट. काम होईस्तोवर
ओरडणं सोडायची नाही.

नव्याला तार नाही. ते लिहितं.
ठरल्या पत्त्यावर ठरलेला आकडा, बस.
आधी माल मेमरीत उतरवतं, मागून चिठ्ठी,
दोन्ही एकाच रस्त्याने,
म्हणून चिठ्ठी मालाच्या पुढे पळत नाही.
अप्पा प्रेसमध्ये, तिकिटांच्या गोंद खात्यात.
म्हणायचे, पत्ता नीट घाल,
मग हाका मारायला नकोत.

पण चिठ्ठी एकदाच येते.
हे मला माहीत होतं.
माहीत असणं आणि कोडमध्ये असणं,
मधे सातशे ओळी.

ओळ सहाशे बारा: रांग रिकामी? हो.
ओळ सहाशे तेरा: दार उघड, झोप.
या दोहोंच्या फटीत एक माप आलं.
दार लावलेलं, म्हणून कार्डाने चिठ्ठी टाकली नाही.
दार उघडल्यावर मागची आठवण काढायची
त्याला सवय नाही.
आता ते माझी वाट बघतंय,
मी त्याची.
पंप मात्र फिरतोय.

पहिल्या पाळीला निघालेले अप्पा
गल्लीच्या टोकावरून परत यायचे,
कुलूप ओढून बघायचे, मग सायकल.
आम्ही खिडकीतून हसायचो,
आई तर घरातच असायची!

सहाशे चौदा: दार उघडल्यावर
रांग पुन्हा एकदा बघ.

सव्वासहा. कार्ड बोलतंय.
समोरच्या कारखान्याची बस वळली,
वॉचमन गांगुर्डे दात घासतोय नळावर.
दुरुस्तीची नोंद दोन ओळींची.
खाली एक रकाना असतो, सुचवणाऱ्याचा,
बहुतेक जण रिकामा सोडतात.
मी लिहिलं: दशरथ पाळदे, गोंद खातं.
ईमेल नाही.