कलम सात

तीन दिवस दोनापावलाच्या त्या हॉलमध्ये
सगळं एका शब्दावर अडलेलं: "तात्काळ".
ढाक्याच्या बाई म्हणाल्या, एक तास.
कोलंबोचे गृहस्थ म्हणाले,
आमच्याकडे अणुभट्टी नाही, वारा मात्र येतो,
पंधरा मिनिटं.
आमचे साहेब चष्मा पुसत राहिले.

मी इतिवृत्त लिहिणारी. काणकोणची.
भट्टी डोंगरापलीकडे, दुसऱ्या राज्यात.
वर्षातून एकदा एक माणूस यायचा,
अर्धा लिटर दूध, एक नारळ, वाटाभर तिसऱ्या
पूर्ण भावाने विकत घ्यायचा,
पिशवीवर तारीख टाकायचा.
काय सापडलं ते सांगायला
कधी परतला नाही.
पोळेच्या नाक्यावर दारूच्या बाटल्या मोजतात,
मतलई वाऱ्याला कोण अडवणार?

रात्री जेट्टीवरून आईला फोन लावला.
दुसऱ्या रिंगला उचलला.
"कितें जालें?"
काही नाही, आई.
"मग काही नाही, हे सांगायलाही
करत जा गो फोन. मी जागीच असते."

सकाळी मसुद्यात एक ओळ जास्त होती:
काहीही घडलेलं नसतानाही
रोज कळवावं.
कुणी सुचवली, साहेबांनी विचारलं.
ढाक्याच्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं
आणि हात वर केला.