येतो

वॅक्सिन डेपोच्या मैदानावर होम प्लेट नव्हती.
बाबा उद्यमबागेत फाउंड्रीला.
जुन्या कन्व्हेयर बेल्टचा तुकडा
त्यांनी पाच कोनांत कापून आणला.
सायकलच्या कॅरिअरला तो बांधून
मी रोज दुसऱ्या गेटाशी थांबतो.

थांबतो.
आमच्या बेळगावात मुलीही असंच म्हणतात.
येतो, जातो, जेवतो.
बाहेरच्यांना नवल वाटतं.

गेट पडलेलं असतं.
एक गाडी पुण्याकडची, एक धारवाडकडची.
यंदा मी दोन्हींचे डबे मोजले.

पत्रं एकाच आठवड्यात आली.
पुण्याचं जाड कागदावर:
हॉस्टेल फुकट, बूट, मास्क, फिजिओसुद्धा.
धारवाडचं कन्नडात, शिक्का तिरका,
अर्धी फी माफ,
आणि खाली पेनानं, घाईत:
आमच्याकडे कॅचर नाही. लवकर कळवा.

काकाच्या पाठीवर मोर्च्यातल्या लाठीचा वळ आहे.
तो म्हणाला, आम्ही जन्मभर तिकडं जायचं म्हणून ओरडलो,
आता तिकडनं बोलावणं आलंय तर तू विचार करतीयास?
आई म्हणाली, धारवाडला शनिवारी डबा पोचतो की.
बाबा काहीच म्हणाले नाहीत.

पुण्याची हिरवळ अशी
की घसरलं तरी गुडघा फुटत नाही.
दुसऱ्या बेसवर फेक. दोन पॉइंट एक.
पुन्हा. दोन पॉइंट शून्य पाच.
शिंत्रे मॅडमनी आकडा लिहून घेतला.
मी म्हटलं, उद्या सकाळी परत येतो.
बाकावरच्या दोन सीनिअर कॅचर खुदकन हसल्या.
येते म्हण गं, मॅडम म्हणाल्या, प्रेमानंच.
वाईट नव्हत्या. खरंच नव्हत्या.
या दोघींनंतर तुझाच नंबर,
दोन वर्षं बघून शीक, म्हणाल्या.

धारवाडच्या मैदानाला भेगा.
काळी माती, मार्चमध्येच तडकलेली,
एक चेंडू तर आत गेला तो काठीनं काढला.
नवलगुंदची शिवलीला पिचर.
पहिला चेंडू माझ्या गळ्याच्या हाडावर,
दुसरा कडेमनी सरांच्या स्कूटरवर.
सातवा की आठवा मिटमध्ये बसला
आणि चहावाला वळून बघायला लागला.

तिला मराठी येत नाही,
माझं कन्नड शाळेपुरतं.
मांडीआड बोटं दाखवली:
एक म्हणजे सरळ, दोन म्हणजे बुडणारा.
मी दोन दाखवले. तिनं मान हलवली, नको.
मी परत दोन. तिनं परत नको.
तासभर भांडलो आम्ही
तोंडातून शब्द न काढता.
बसमध्ये कित्तूर मागं पडलं तरी राग गेला नाही,
आणि रागारागात मी
तिला पुढच्या वेळी कुठला चेंडू टाकायला लावायचा
ते ठरवत बसलो होतो.

निघताना सरांनी विचारलं होतं, बर्ती एन?
बर्तेनि, म्हटलं होतं मी, नुसतं तोंडदेखलं.
बाईनं म्हणो, बाप्यानं म्हणो,
कन्नडात ते एकच असतं.

पुण्याची हिरवळ मला आवडली होती.
हे अजून कुणाला सांगितलं नाही.
रात्री पाय त्या गवतावर असतात
आणि बोटं मांडीआड.

आज फोन लावला.
बाबा प्लेटवरची माती
चपलेच्या टाचेनं खरवडत होते,
ऐकत नसल्यासारखे.
मग, काय ठरलं? मॅडमनी विचारलं.
मी म्हटलं, येत नाही.
त्यात येतो नव्हतं, येते नव्हतं.
पलीकडे पंख्याचा आवाज.
विचार केलास ना नीट? 
केला.
बरं. गुडघे सांभाळ, म्हणाल्या.
इतकं चांगलं बोलल्या
की ठेवायच्या आधी, सवयीनं,
माझ्या तोंडातून गेलंच:

बरं मॅडम,
येतो हं.