अकरा किलो चारशे

हवल्लीत, तिसऱ्या मजल्यावरच्या दुकानात
बिजूने दोन्ही यंत्रं शेजारी शेजारी मांडली,
स्थळं दाखवतात तशी.

लॅपटॉप, तीनशे चाळीस दिनार.
अंगाने सडसडीत, पाठीवरच्या पिशवीत मावणारा,
विमानात मांडीवर बसेल.
डेस्कटॉप, दोनशे नव्वद, मॉनिटर धरून.
मेमरी दुप्पट, ग्राफिक्स कार्ड विटेएवढं,
आणि उद्या काही बिघडलंच
तर चार स्क्रू काढून तेवढंच बदलायचं.

"लॅपटॉप तापतो," बिजू म्हणाला,
"तापला की आपणहून हळू होतो. जीव वाचवतो बिचारा."
मला मीच आठवलो,
जुलैतल्या गच्चीवर
कॉम्प्रेसर खोलून बसलेला.

दिवसा एसी दुरुस्त करतो.
रात्री लोकांची लग्नं कापतो, जोडतो.
फरवानियाच्या हॉलमधले साखरपुडे,
शुक्रवारचे क्रिकेटचे सामने,
हळदीकुंकवात ऐन वेळी उखाणा विसरलेल्या बाई
आणि त्यांचं ते चार सेकंदांचं हसू,
जे मी अजून कधी कापलं नाही.
जुन्या लॅपटॉपवर सगळे चेहरे निळसर येतात.
नवरी आजारी दिसते. नवरामुलगा तर गेलेलाच.
मी तिथे पाहून रंग सुधारतो आणि भलतंच होतं.
एका वधूपित्याने पैसे मोजता मोजता विचारलं,
हळद लावली होती ना हो आपण?

मग बिजूने तो प्रश्न विचारला.
बजेटचा नाही, प्रोसेसरचा नाही.
"किती वर्षं राहणार?"

दोन, मी म्हणालो.
दोन हजार अकरापासून मी दोनच म्हणतोय.
कुकर घेतला तो तीन लिटरचा.
खुर्ची घेतली ती घडीची.
आरसा घेतला तो तळहाताएवढा,
त्यामुळे इतक्या वर्षांत स्वतःला
गळ्याखाली पाहिलेलं नाही.

डेस्कटॉप म्हणजे टेबल.
टेबल म्हणजे कोपरा.
कोपरा म्हणजे दिलावरचाचांशी बोलणी,
कारण खोलीतल्या एकुलत्या एक कोपऱ्यात
त्यांची बॅग उभी असते,
कडक पाठीची, नायलॉनची दोरी आवळलेली,
बाणकोटला जायला चौदा वर्षं तयार.

दारातल्या पार्सलच्या काट्यावर
बिजूने नुसतं कॅबिनेट ठेवलं.
अकरा किलो चारशे.
तीसातले अकरा.
म्हणजे ब्लँकेट नाही, चॉकलेटं नाहीत,
सरबताच्या पावडरीचे डबे नाहीत.
म्हणजे परत जाताना हा जाणारच नाही.
किंवा मी.

टॅक्सीत त्याला पट्टा बांधला.

चाचा नाइट ड्युटीवरून येऊन आडवे झालेले, एक डोळा उघडा.
खोक्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.
मी घरून पाठ करून आणल्यासारखं बोलायला लागलो,
भाड्यातले दोन दिनार जास्त देतो, आवाज करणार नाही, दिवा झाकेन.
ते उठले. बॅग आडवी केली.
वर चादर चौपदरी घातली,
होडीची फळी दाबून पाहावी तशी दोन्ही हातांनी दाबली.
"ठेव," म्हणाले,
"हिला तरी कुठं जायचं हाय."

पंखा घोंघावतो, पण एसीच्या आवाजात मिसळून जातो.
धुळीचं वादळ आलं की मी त्याच्यावर
माझा टॉवेल टाकतो.

काल रात्री सालमियाच्या लग्नाचं रेंडर लावलेलं.
चाचा मागे येऊन उभे राहिले.
"किती राहिलं?"
बेचाळीस मिनिटं.
"काय नाय. आतला निळा सदरा काढायचा होता. उद्या ईद."
थांबवू का, मी विचारलं.
"नको. चालू दे."
पलंगाच्या कडेला बसले,
आणि आम्ही दोघं बघत राहिलो,
टक्के चढताना,
नवरीचा गाल हळदीचा,
पिवळाच्या पिवळा.